सातवे दीप

१

जे चित्र जगात फक्त पाच माणसांनी पाहिलेलं असायला हवं होतं, ते सोमवारी सकाळी दहाच्या आत चार लाख लोकांनी पाहिलं.

वेलांटी तेव्हा छापखान्यात एका औषधाच्या माहितीपत्रकाची मुद्रितं तपासत होती. वेलांटी हे तिचं खरं नाव नव्हे. ऱ्हस्व-दीर्घावरून ती माणसांना जगणं नकोसं करते म्हणून कुणीतरी ते ठेवलं, आणि ते असं चिकटलं की खरं नाव हजेरीपुस्तकापुरतं उरलं. फोन तिच्या मित्राचा, मेकॅनिकचा होता.

"कंपनीचं पान उघड," तो म्हणाला. "बसून उघड."

तिने पान उघडलं आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं.

'नावाडी' या खेळाचा पहिला भाग निघाला त्याला पस्तीस वर्षं होत आली होती. त्यानंतर आणखी दहा भाग आले. एक म्हातारा नावाडी, त्याची होडी, सहा बेटं आणि प्रत्येक बेटावर पेटवायचा एक दीप, एवढंच मूळ भांडवल. पण त्यावर दोन पिढ्यांनी अभ्यासाचा वेळ उधळला. आता कंपनी विशेष आवृत्ती काढणार होती. तिच्या जाहिरातीच्या मधोमध दुसऱ्या भागाचं कधीच न वापरलेलं मुखपृष्ठ झळकत होतं: काळंनिळं पाणी, चार होड्या, आणि मागे धुक्यात उभं असलेलं काहीतरी उंच. खाली दोनच ओळी होत्या.

'दुर्मिळ चित्र : सातवे दीप. जागेअभावी हे खेळातून वगळण्यात आले. कंपनीच्या कला विभागाच्या संग्रहातून.'

कला विभाग म्हणे. ते चित्र काढणारी बाई अठ्ठ्याहत्तर वर्षांची होती, जिवंत होती, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या घरात रोज सकाळी उजेड येईल तिकडे खुर्ची सरकवत बसत होती. पहिल्या चार भागांची मुखपृष्ठं तिचीच. खोक्यांवर मात्र नाव छापलं गेलं तिच्या साहेबाचं. ती कुणाशी भांडली नाही. एका पत्र्याच्या पेटीत एकशेचाळीस चित्रं घालून गप्प बसली.

त्या बाईंचं पुस्तक करायचं, त्यांचं नाव त्यांच्या चित्रांखाली आणायचं, हा ध्यास वेलांटीने घेतला होता. वर्षभर खेटे घातल्यावर, नऊ दिवसांपूर्वीच्या शनिवारी, बाईंनी पेटीतलं एकच चित्र परीक्षा म्हणून दिलं. ते आणायला वेलांटी आणि तिचा दादा दोघंच गेले होते. त्या दिवशी बाईंनी चित्राबद्दल एक गोष्ट सांगितली, ती ऐकून दादा खुर्चीत ताठ बसला होता. ती गोष्ट पुस्तक निघेपर्यंत दोघांच्या बाहेर जायची नाही असं तिथेच ठरलं.

साडेदहाला बाईंचा फोन आला. आवाज चढलेला नव्हता, म्हणून जास्तच लागला.

"मी कंपनीला दिलं नव्हतं. तुझ्या शब्दावर तुला दिलं होतं."

"हो बाई."

"कुणी केलं ते गुरुवारी सकाळी मला येऊन सांग. नाव सांग, अंदाज नको. सांगता आलं नाही तर पेटीचं विसर. आणि तिच्याबरोबर मलाही विसर."

वेलांटीने फोन ठेवला. पाच माणसांतून बाई वजा केल्या आणि ती स्वतः वजा झाली की उरत होती तीन, आणि तिघंही तिची होती.

२

संध्याकाळी चौघं संग्रहात जमले. संग्रह म्हणजे घड्याळवाल्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या. एका खोलीत नावाडीची जुनी खोकी, पुस्तिका, भिंतीवरचे कागद. दुसरीत मेकॅनिकचं टेबल आणि चित्रं ठेवायचं रुंद खणांचं लोखंडी कपाट. कपाटाच्या किल्ल्या चौघांकडे होत्या, कारण आजवर कुणाला कुणाचा संशय घ्यावा लागला नव्हता.

दादा खिडकीशी उभा होता. वेलांटीपेक्षा पाच वर्षांनी मोठा, विमा कार्यालयात फायली लावणारा, अंगाने बारीक. लहानपणी घरात खेळायला एकच यंत्र होतं. दादा होडी चालवायचा आणि वेलांटी शेजारी बसून पुस्तिका मोठ्याने वाचायची. वाचायला ती शाळेच्या आधी तिथेच शिकली. संग्रहही दादानेच सुरू केलेला.

"आपल्यातल्याच कुणीतरी केसाने गळा कापलाय," तो म्हणाला. "मी स्पष्ट बोलतो. चित्राची प्रत काढली कुणी?"

"मी काढली," मेकॅनिक म्हणाला. जुनी खेळयंत्रं दुरुस्त करणारा हा माणूस बोलायला तुटक आणि तापायला वेळ लावणारा होता. "मागच्या बुधवारी, याच टेबलावर. ये, बघ."

त्याने संगणकावर दोन चित्रं शेजारी शेजारी लावली. एक त्याची प्रत, एक कंपनीच्या पानावरचं.

"त्याच्या आदल्या दिवशी, मंगळवारी, बाई इथे आल्या होत्या. तीस वर्षांनी चित्रावर सही केली त्यांनी, आपण सगळे उभे होतो. माझ्या प्रतीत ती सही आहे. कंपनीच्या चित्रात नाहीये."

"पुसायला काय लागतं?" दादा म्हणाला.

"सही पुसतील, कबूल. पण हे शीड?" मेकॅनिकने शेवटच्या होडीवर बोट ठेवलं. "सही करून झाल्यावर बाई म्हणाल्या, हे शीड रंगवायचं राहूनच गेलं होतं. त्याच कुंचल्याने त्यांनी ते पिवळं केलं. कंपनीच्या चित्रात ते कोरंच आहे. शीड कशाला कोण पुसत बसेल?"

वेलांटीला एकदम हलकं वाटलं आणि लगेच जड. याचा अर्थ चित्राचा फोटो मंगळवारच्या आधीच काढला गेला होता. शनिवारी दुपारी चित्र कपाटात आलं. तेव्हापासून मंगळवारपर्यंत ज्याच्याकडे किल्ली होती त्याने काढला.

"त्या शनिवारपासून सोमवारपर्यंत मी लेकीकडे होतो," मेकॅनिक म्हणाला. "मंगळवारी सकाळी परस्पर इथे उतरलो. जावयाला विचार हवं तर."

दादा हळू आवाजात म्हणाला, "मग उरलं कोण?"

सगळ्यांच्या माना कोपऱ्याकडे वळल्या. तिथे पाठांतर बसले होते; हेही टोपणनावच. ग्रंथालयातून निवृत्त झालेले, चौघांत सगळ्यांत वडील. नावाडीतली एक गोष्ट अशी नव्हती जी त्यांना येत नव्हती. तिसऱ्या भागातल्या पोपटाचा आवाज मुळात एका दाराच्या बिजागरीचा आहे, चौथ्यात चंद्र एका ठिकाणी उलट्या बाजूला मावळतो, पाचव्यातल्या एका मडक्यावर मांजर रंगवलेलं आहे, हे झोपेतून उठवून विचारलं तरी ते सांगत. त्यांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले, एकेकाकडे पाहिलं, आणि काहीही न बोलता उठून जिना उतरून गेले.

"गप्प राहणारा माणूस," दादा म्हणाला. "अजून काय पुरावा हवाय?"

३

मंगळवारी वेलांटी पाठांतरांच्या घरी गेली. दार त्यांनी उघडलं, पण आत ये म्हटलं नाही. ती आपणहून आत गेली.

"तुम्ही काल गेलात का?"

"माझ्याकडे तसं बघितलंत म्हणून."

टेबलावर अकरा जाड वह्या रचलेल्या होत्या. त्या कशाच्या आहेत हे तिला माहीत होतं. दुसऱ्या भागाच्या पुस्तिकेत शेवटच्या पानावर एक वाक्य आहे, आणि त्या वाक्याने जगभरच्या लोकांना तीस वर्षं वेड लावलं आहे. खेळात दीप सहाच. पुस्तिका म्हणते सातवा आहे. लोकांनी तो समुद्राच्या तळाशी शोधला, भोवऱ्यात होडी घालून शोधला. पाठांतरांनी विहिरीत एकोणपन्नास वेळा बादली सोडून पाहिली होती आणि पन्नासाव्यांदा सोडायला घेतल्यावर बायकोने वीज बंद केली होती.

"ते शेवटचं वाक्य म्हणता?" तिने विचारलं.

त्यांनी डोळे मिटले. "'सातवे दीप शोधेल त्यालाच नावाड्याचे नाव कळेल.'"

"सगळे लोक 'सातवा दीप' म्हणतात. तुम्ही 'सातवे' म्हणालात."

"छापलंय तसं म्हणतो. दीप पुल्लिंगी आहे, सातवाच हवं, हे मला कळतं. पण ती चूक त्यांची. मी पाठ करताना दुरुस्त्या करत नाही."

कंपनीच्या जाहिरातीतही 'सातवे दीप' असंच होतं. चूक जशीच्या तशी जपणारा असा एकच माणूस तिला माहीत होता आणि तो तिच्या समोर बसला होता. तिने जाहिरातीचा कागद पर्समधून काढला आणि त्यांच्यापुढे ठेवला. काल त्यांनी फक्त चित्र पाहिलं होतं. आता चष्मा चढवून त्यांनी ओळी वाचल्या, आणि त्यांचे कान लाल झाले.

"वगळण्यात आले? कुणी सांगितलं वगळलं म्हणून?"

"त्यांनी लिहिलंय."

"तीस वर्षं मी शोधतोय त्याला. वगळलेली वस्तू शोधतोय का मी?" त्यांचा आवाज फाटला. "हे ज्याने लिहिलं त्याला नावाडीतलं ओ की ठो कळत नाही. आणि हे मी लिहिलं असं वाटलं तुला? दीप नाहीच असं मी लिहीन?"

तिला मान वर करता येईना. तिने त्यांची माफी मागितली. त्यांनी ती घेतली की नाही ते कळलं नाही. जिन्याच्या मधल्या पायरीवर ती थबकली. हे ज्याने लिहिलं होतं, त्याला नावाडीतलं पाठांतरांपेक्षाही जास्त कळत होतं.

४

छापखान्यात परत येऊन तिने रद्द झालेल्या मुद्रिताच्या पाठीवर जाहिरातीची ओळ मोठ्या अक्षरात उतरवली. सातवे दीप. जागेअभावी हे खेळातून वगळण्यात आले.

'सातवे' एकवेळ पुस्तिकेतून उचललं असेल. पण दुसरं वाक्य पुस्तिकेत नाही. ते लिहिणाऱ्याचं स्वतःचं. त्यातही 'हा वगळण्यात आला' असं नव्हतं. 'हे वगळण्यात आले' असं होतं. दीपाला एवढा मान देऊन कुणी आदरार्थी बहुवचन लावत नाही. लिहिणाऱ्याच्या मनात दीप नव्हताच. त्याच्या मनात नपुंसकलिंगी काहीतरी होतं, आणि एक अक्षर परत जागेवर ठेवलं की ते दिसत होतं.

सातवे द्वीप. हे खेळातून वगळण्यात आले.

हीच ती गोष्ट होती, जी बाईंनी त्या शनिवारी सांगितली. खेळात सातवं बेट असणार होतं. बाईंनी मुखपृष्ठावर तेच काढलं होतं, धुक्यातलं. जागा पुरेना म्हणून बेट गेलं, चित्र गेलं, पुस्तिकेतलं वाक्य मात्र चुकून राहिलं. आणि छापताना कुणाच्या तरी हातून त्यातल्या द्वीपाचा 'व' गळाला. सातवा दीप कधी नव्हताच. लोक तीस वर्षं एका मुद्रणदोषाच्या मागे धावत होते. पाठांतरांना हे कसं सांगायचं, या विचाराने वेलांटीनेच सगळ्यांपासून लपवलं होतं.

चोराने कंपनीला बरोबर लिहून पाठवलं होतं: सातवे द्वीप. कंपनीतल्या कुणीतरी शहाण्याने, ज्याला सातवा दीप ठाऊक होता, ते 'दुरुस्त' केलं आणि शेजारच्या 'सातवे'कडे पाहिलंच नाही. ही सवय वेलांटीला पुरती ठाऊक होती. दुरुस्ती करणाऱ्याची नजर एका शब्दावर खिळते आणि त्याचे सोयरे तसेच उघडे पडतात. एकच चूक त्याच वाक्प्रयोगात तीस वर्षांनी दुसऱ्यांदा झाली होती.

तिने बाईंना फोन लावला. "बेटाचं तुम्ही आणखी कुणाला सांगितलंत?"

"कुणाला सांगणार? कुणी विचारलंय मला तीस वर्षांत? तुम्हा दोघांनाच."

दुसरा फोन तिने दादाला लावला. कुणाजवळ तरी सहज बोलून गेलो, असं त्याने म्हणावं यासाठी ती मनातल्या मनात हात जोडत होती.

"दादा, ते बेटाचं तू कुणाला बोललास का रे?"

"वेडी आहेस का?" दादा दुखावून म्हणाला. "तुला शब्द दिला होता ना? ब्र काढला नाही मी. बायकोपाशीसुद्धा नाही."

५

बुधवारी ती त्याच्या घरी गेली तेव्हा दादा कार्यालयातून यायचा होता. वहिनीने चहा टाकला. वहिनीच्या पोटात काही राहत नाही, आणि आज तर तिला ते राहू द्यायचंही नव्हतं.

"तुला सांगितलं नसेल त्यांनी. त्या नव्या आवृत्तीत नाव येणारेय त्यांचं. 'इतिहास-संकलक' म्हणून, अगदी पहिल्या पानावर. मी म्हटलं, बहिणीला तरी सांगा. तर म्हणाले, छापून आलं की दाखवू."

वेलांटीने चहा प्यायला. तो कसा होता ते तिला नंतर कधी आठवलं नाही.

दादा आला, तिला पाहून हसला, आणि तिचा चेहरा पाहून हसू आवरलं. वहिनी आत गेली. वेलांटीने मुद्रिताचा कागद त्याच्यापुढे सरकवला आणि 'सातवे' व 'हे' या दोन शब्दांखाली बोट फिरवलं. त्याला समजवावं लागलं नाही.

"मी बरोबर लिहिलं होतं," तो अखेर म्हणाला. "द्वीपच लिहिलं होतं. त्यांनी घाण केली."

"दादा, तुला त्याचं वाईट वाटतंय?"

"ऐक तरी. त्या शनिवारी रात्रीच पाठवला फोटो. ते महिनाभर मागे लागले होते, काहीतरी न पाहिलेलं द्या म्हणून. तीस वर्षं मी हा संग्रह करतोय. कोण ओळखतं मला? कार्यालयात साहेब अजून माझं आडनाव चुकवतो. मला एकदा, फक्त एकदा, त्या खेळाच्या आत माझं नाव हवं होतं."

"आणि बाईंचं?"

"त्यांचं नाव कळवलं होतं मी. कंपनीनेच काढलं असणार."

त्याच्याकडे पाहताना तिला वाटलं, इथवर तरी धरून राहता येईल. "पत्र दाखव," ती म्हणाली.

त्याने टाळलं, फोन चार्ज नाही म्हणाला, मग तिच्या पसरलेल्या हाताकडे बघत तो तिच्या हातावर ठेवला. पत्र सुबक होतं. व्याकरण निर्दोष होतं; ते त्याला तिनेच शिकवलं होतं. चित्राचा काळ, आकार, रंगांचा प्रकार, सगळं तपशीलवार. शेवटची ओळ होती: 'चित्रकार अज्ञात.'

"नाव दिलं असतं तर त्यांना बाईंची परवानगी घ्यावी लागली असती," दादा जमिनीकडे बघत म्हणाला. "आणि बाईंनी ती दिली नसती."

वेलांटीला रडू आलं नाही. संताप येईल असं वाटलं होतं, तोही आला नाही. ज्या माणसाच्या शेजारी बसून ती वाचायला शिकली, त्याला ती आजवर नीट वाचूच शकली नव्हती, एवढंच तिला जाणवलं आणि ते फार दुखलं.

दादाने तिचं मनगट धरलं. "उद्या तू बाईंकडे जाणारेस. पाठांतरांचं नाव सांग. ते परवाच उठून गेले, सगळ्यांनी पाहिलंय. ते भांडणारसुद्धा नाहीत. त्यांचं काय जाणारेय? माझं सगळं जाईल."

तिने मनगट सोडवून घेतलं. फोटो पाठवला तेव्हा त्याने बाईंना फसवलं होतं. आत्ता, तिच्या डोळ्यांत डोळे घालून, तो तिला आपल्यासारखं व्हायला सांगत होता.

६

गुरुवारी सकाळी बाईंची खुर्ची खिडकीशी होती. वेलांटी समोरच्या स्टुलावर बसली.

"माझ्या दादाने केलं," ती म्हणाली. मग सगळं सांगितलं, 'अज्ञात' या शब्दासकट.

बाई बराच वेळ हातावरचा रंगाचा जुना डाग नखाने खरवडत राहिल्या.

"काल एका वकिलीणबाईंशी बोलले," त्या म्हणाल्या. "त्या म्हणतात, चित्र माझं आहे हे नुसतं मी सांगून भागायचं नाही. माझ्या घरातून ते कुणी नेलं, कधी नेलं, पुढे कुणी पाठवलं, हे पाहिलेल्या माणसाने लिहून द्यायला हवं. सहीनिशी. ते वर्तमानपत्रातही जाईल, नाहीतर कंपनी हलणार नाही."

"देते लिहून."

"नुसतं 'संग्रहातल्या एका सदस्याने' असं चालायचं नाही, पोरी. पूर्ण नाव लागेल."

"माहीत आहे."

"नातंही विचारतील."

"तेही लिहिते."

बाईंनी एक कोरा कागद आणि जाड पाटी दिली. वेलांटीने पाटी मांडीवर घेतली. शनिवारपासून सुरुवात केली. चित्रकर्तीचं संपूर्ण नाव पहिल्या ओळीत लिहिलं. दादाच्या नावाशी आली तेव्हा पेन थांबलं. तिने ते नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव एकेक अक्षर सावकाश काढलं, आणि पुढे लिहिलं, 'माझा सख्खा भाऊ.' खाली सही केली.

बाईंनी कागद उजेडात धरून शेवटपर्यंत वाचला. घडी घालून तो त्यांनी उशीखाली ठेवला.

"पेटी पलंगाखाली आहे," त्या म्हणाल्या. "जड आहे. एकटीला उचलायची नाही. कुणालातरी घेऊन ये."

कुणाला, ते वेलांटीला पटकन सुचेना. ती बरं म्हणाली आणि निघाली. दुसऱ्या मजल्यावर पोहोचते तोच फोन वाजला. दादा.

"काय म्हणाल्या?" तो घाईने म्हणाला. "माझं नाव नाही ना घेतलंस?"

ती पायरीवर बसली. "दादा, तुझं नाव छापून येणार आहे."

मग त्याचा आवाज असा उजळला, जसा तिने कित्येक वर्षांत ऐकला नव्हता.

"खरंच? कुठे?"

आणि तिला ते सांगावं लागलं.